पहिल्या खुंटीवरची मशीन

१

गुरुवारी सकाळी मी दुकानाचं शटर जेमतेम कमरेपर्यंत वर केलं होतं, तेवढ्यात दारांच्या कारखान्याचे मालक हातात खोकं घेऊन वाकून आत शिरले. बसा म्हणायच्या आधी बसले. खोकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि झाकण उघडलं. आत तीन जांभळ्या सँडर मशिनी होत्या, तिन्ही जळलेल्या. तो वास मला चांगला ओळखीचा आहे. जळलेल्या मोटारी नव्यानं गुंडाळणं हा माझा धंदा. आधी तो नवऱ्याचा होता, तो गेल्यापासून बारा वर्षं माझा आहे. गल्लीत मला सगळे वाइंडरबाई म्हणतात.

"सहा घेतल्या होत्या," मालक म्हणाले. "महिन्याभरात तीन गेल्या. कंपनी फालतू आहे असं लिहून द्या, म्हणजे उरलेल्या परत करतो."

"मग माझ्याकडे कशाला आलात? निकाल तर तुम्हीच लावलाय."

ते जरा ओशाळले. मग खरं काय ते बाहेर आलं. दारं घासून गुळगुळीत करायला कारखान्यात वर्षानुवर्षं राखाडी कंपनीच्या महागड्या सँडर होत्या. त्या जुन्या झाल्या, तेव्हा स्टोअर सांभाळणाऱ्या सूनबाईनं चार दुकानं फिरून, दहा जणांना विचारून ही मधल्या किमतीची जांभळी कंपनी निवडली. फोरमनचा पहिल्या दिवसापासून विरोध होता. आता तीन मशिनी जळल्यावर कुजबुज सुरू झाली होती, की सूनबाईनं दुकानदाराकडून काहीतरी घेतलं असणार.

"तुम्हाला तसं वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? शनिवारी चार वाजता सगळ्यांना बोलावलंय. मशीन वाईट निघाली तर स्टोअरची किल्ली तिच्याकडून काढून घ्यावी लागेल. पुन्हा पॅकिंगला बसवीन." ते उठले. "आमच्या मोठ्या मिस्त्रींची सून आहे हो. लाकूड पारखायला त्यांच्याकडूनच शिकली. वाईट वाटतं, पण कारखाना चालवायचाय."

ते गेल्यावर मी पहिली मशीन उघडली, मग दुसरी, मग तिसरी. तिन्हींची आर्मेचर, म्हणजे आतली फिरती गुंडाळी, कोळसा झाली होती, त्यात नवल नव्हतं. नवल होतं ते बाकीचं पोट बघून. दिवसभर लाकूड घासणाऱ्या मशिनीच्या पोटात मूठभर पूड निघते, मला आधी ब्रशनं झाडून घ्यावी लागते. या तिन्हींची पोटं मात्र कुणी धुऊन पुसून ठेवल्यासारखी लख्ख होती.

२

मधल्या किमतीच्या वस्तूबद्दल माझं एक मत आहे. स्वस्त वस्तूत सगळीकडेच वाचवलेलं असतं आणि महागात नावाचे पैसे असतात, त्यामुळे या दोन्हींची पारख सोपी. मधलीत मात्र कुठेतरी एक-दोन जागीच हात आखडता घेतलेला असतो. ती जागा सापडली की वस्तू कळली. चांगली का वाईट, असं विचारणाऱ्याला मी विचारते, कुणासाठी आणि कशासाठी?

म्हणून दुपारी मी कारखान्यात गेले आणि चालू असलेली एक जांभळी मागून घेतली. पाच नंबरची. सूनबाईनं प्रत्येकीच्या अंगावर पांढऱ्या रंगानं नंबर घातले होते. पाचाचा आकडा कामगारांच्या तळव्यांनी घासून अर्धा पुसला होता.

सूनबाई तिशीची. कमरेला किल्ली खोचलेली, बोलणं मोजकं. मी स्क्रू काढत होते तशी ती बाजूला उभी राहिली. तिचं मूल तपासायला घेतल्यासारखा चेहरा.

"तांबं खरं आहे," मी म्हणाले. "वार्निश भरपूर. बेअरिंग बंद तोंडाची, पूड आत जात नाही. कार्बन झिजला की बाहेरून बदलता येतो. निवड चांगली केलीस पोरी."

तिच्या जिवात जीव आला. "मग जळतात का?"

"वाचवलंय कुठं ते अजून बघायचंय." मी मशीन चालू करून हातात धरली. मिनिटभरात कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. राखाडीच्या मुठीला जाड रबर असतं, आत तोल साधायला नीट वजन असतं. इथं नुसतं कडक प्लास्टिक. "वायर आखूड. खोकं तकलादू. आणि ही मूठ. बस, एवढ्यावर भागवलंय. पण मुठीनं मोटार जळत नाही."

पाच नंबरच्या पोटात पूड गच्च होती आणि मशीन मजेत चालत होती. मी ते तिला दाखवलं. जळलेल्या तिघींचं पोट कसं होतं, ते मात्र अजून सांगितलं नाही.

"मशीन कोणाला कुठली मिळते?"

तिनं भिंतीवरची फळी दाखवली. फळीला ओळीनं खुंट्या होत्या. प्रत्येक कामगाराचा स्वतःचा पितळी बिल्ला. मशीन घ्यायची आणि त्या खुंटीवर आपला बिल्ला अडकवायचा, परत करताना बिल्ला काढून न्यायचा. संध्याकाळी सगळ्या मशिनी खुंटीवर, सगळे बिल्ले खिशात, आणि दिवसभरात कुणी काय वापरलं याचा मागमूस नाही.

"ज्याला जी हवी ती घेतो," ती म्हणाली, आणि तिनं नजर दुसरीकडे वळवली.

३

तीन मशिनी तीन वेगळ्या माणसांच्या हातात गेल्या होत्या. तिघांशी बोलले.

फोरमन लाकडी स्टुलावर ऐसपैस बसला होता. "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, राखाडीच घ्या. पण इथं आमचं ऐकतो कोण? जेवून आलो, मशीन घेतली, दहा मिनिटांत धूर. हात भाजला असता माझा."

"तुम्हाला ही कंपनी जावीच असं वाटत होतं."

"वाटत होतं," तो बेधडक म्हणाला. "पण म्हणून मशीन जाळीन? बाई, मी तोंडानं भांडतो, हातानं नाही."

माणूस कडू होता, पण खोटा वाटला नाही.

दुसरा पॉलिशवाला. त्याच्या हातून मशीन गेल्यापासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. "घेतली तेव्हाच गरम लागली हो. मला वाटलं, आधीच्यानं नुकतीच ठेवली असेल. अर्धा तास चालली असेल नसेल. चहाच्या सुट्टीआधीच गेली."

तिसऱ्याला सगळे गवय्या म्हणतात, कारण तो कामभर गात असतो आणि सुराशी त्याचं वैर आहे. "मी जोर देतो म्हणून जळली म्हणतात," तो म्हणाला. "अहो, मी सगळ्याच मशिनींवर जोर देतो. माझी पाच नंबरची बघा, ठणठणीत आहे. त्या दिवशी ती दुसऱ्यानं नेली होती, म्हणून दुपारी पहिल्या खुंटीवरची उचलली. नशीब माझं!"

तिन्ही मशिनी जेवणाच्या सुट्टीनंतर जळल्या होत्या. सकाळी एकही नाही. मी वहीत ते लिहिलं आणि जाता जाता मोठ्या मिस्त्रींपाशी थांबले. खिडकीजवळचं शेवटचं टेबल त्यांचं. वय पासष्टच्या घरात, अंगात स्वच्छ एप्रन. एका दाराच्या कडेवर रंधा चालवत होते, आणि लाकडाची साल सलग, लांबलचक निघत होती. बघत राहावंसं वाटलं.

"सँडर वापरता का मिस्त्री?"

"सकाळी. मोठे पृष्ठभाग तेवढे. दुपारी हातकाम." त्यांनी समोरचा चहाचा ग्लास दोन्ही हातांनी उचलला, दोन्ही हातांनी खाली ठेवला. "माझ्या हातात आजवर एकही मशीन गेली नाही बाई."

ते अभिमानानं म्हणाले. आणि ते खरंच होतं.

दुकानात परत येऊन मी जळलेल्या तिघी ओळीनं मांडल्या आणि पहिल्यांदा नीट त्यांचे नंबर वाचले. एक, दोन आणि तीन. जळल्याच्या तारखा मी विचारून घेतल्या होत्या, त्याही त्याच क्रमानं. मशिनी कधी नंबर लावून मरत नाहीत.

४

शुक्रवारी सकाळी स्टोअर उघडायच्या वेळी मी फळीपाशी हजर होते.

"पहिल्या खुंटीवर आज कितवी आहे?" मी सूनबाईला विचारलं.

"चार."

"आणि आधी?"

तिनं कमरेची किल्ली घट्ट खोचली. मग हळूच म्हणाली, "पहिली खुंटी मी आप्पांसाठी ठेवते. आमचे सासरे. ते सगळ्यांच्या आधी येतात. त्यांना मधल्या खुंट्यांपर्यंत वाकून हात घालायला नको. एक नंबरची गेली, तेव्हा कपाटातली कोरी दोन तिथं लावली. ती गेली तेव्हा तीन." तिनं माझा हात धरला. "पण आप्पांच्या हातात नाही गेली एकही. तुम्ही विचारा कुणालाही. घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं म्हणतील, म्हणून काल बोलले नाही."

मी चार नंबर खुंटीवरून काढून उजेडात धरली. आकडा कालच रंगवल्यासारखा कोरा करकरीत होता. एक, दोन आणि तीनवरचे आकडेही तसेच होते, आता मला आठवलं. रोज चार-पाच तास माणसाच्या हातात असलेली मशीन, आणि तिच्यावरच्या रंगाला तळवा लागलेला नाही.

आत पूड नाही, बाहेर हाताची खूण नाही. पूड आत येते ती हवेबरोबर. मोटारीला गार ठेवणारा पंखा वरच्या फटींतून हवा ओढतो, हवा पूड घेऊन येते. पूड नाही म्हणजे हवाच आत गेली नाही. आणि फटी असतात नेमक्या तिथंच, जिथं हात धरतो.

मी मशीन जागच्या जागी ठेवली आणि लाकडाच्या थप्पीमागे जाऊन उभी राहिले. या वयात लपाछपी खेळताना माझं मलाच हसू येत होतं. पाच मिनिटांत मिस्त्री आले, बिल्ला अडकवला, मशीन घेतली, शेवटच्या टेबलाशी गेले. तोंडाला मास्क बांधला. आजूबाजूला एकदा पाहिलं. मग एप्रनच्या खिशातून जाड लोकरी कापडाची घडी काढली, मशिनीला लंगोटासारखी घट्ट गुंडाळली, वर सुतळीचे तीन वेढे घातले, आणि मग मशीन चालू केली.

माझं हसू तिथंच थांबलं.

५

तासभर मी थांबले. मग जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी मशीन बंद केली आणि मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"कापड सोडा मिस्त्री."

त्यांनी सोडलं. बोटं नीट चालत नव्हती, सुतळीची गाठ मलाच काढावी लागली. बोटांची टोकं पांढरी पडली होती, रक्त नसल्यासारखी.

"हात ठेवा तिच्यावर."

त्यांनी उजवा तळवा पूर्ण टेकवला आणि तसाच ठेवला.

"गरम आहे का?"

"कोमट आहे," ते म्हणाले.

मी माझा हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. क्षणभरही ठेववेना. त्यांचा हात अजून तिथंच होता. मी तो धरून बाजूला केला. तळवा लाल झाला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

त्यांनी तळवा उजेडात धरून बघितला. "दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी नुसत्या मुंग्या यायच्या. राखाडी होत्या तोवर निभावलं. ही जांभळी आली आणि हात दुपारपर्यंत मेल्यासारखा व्हायला लागला. कापड गुंडाळलं की झिणझिण्या कमी. फडक्यानं मशिनीला काय होणार, असं वाटलं. आम्ही रंधे, पटाश्या फडक्यात गुंडाळूनच वाढवल्या."

"तुम्ही कापड काढून ती खुंटीला लावायचात, आणि दुपारी दुसरा कुणीतरी आधीच भाजलेली मशीन उचलायचा."

"मला वास आला नाही बाई. मास्क असतो. आणि हाताला तर..." त्यांनी तळवा एप्रनला पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुणाला सांगू नका. हात गेला हे कळलं की टेबल गेलं. चाळीस वर्षं इथं उभा आहे मी. घरी बसून काय करू?"

"आणि सूनबाईची किल्ली?"

त्यांना ते माहीत नव्हतं. कुजबुज त्यांच्या कानांपर्यंत कुणी येऊ दिली नव्हती. मी सगळं सांगितलं, तेव्हा ते स्टुलावर बसले.

"मशीन कशानं जळली ते मी उद्या सांगणार," मी म्हणाले. "त्याचेच पैसे घेते मी. हाताबद्दल कोण बोलणार, ते तुमचं तुम्ही ठरवा."

मी निघाले खरी, पण पाय उचलत नव्हता. माझ्या नवऱ्याची दृष्टी अधू होत गेली, तेव्हा सहा महिने त्यानं मला पत्ता लागू दिला नव्हता. जाड तार बारीक म्हणून गुंडाळायचा आणि मी गुपचूप सोडवून पुन्हा गुंडाळायची. आम्ही दोघंही एकमेकांना फसवत होतो आणि त्यालाच संसार म्हणत होतो.

६

शनिवारी चार वाजता मालकांच्या खोलीत सगळे जमले. सूनबाईनं आल्याआल्या किल्ली कमरेतून काढून स्वतःच टेबलावर ठेवली. मिस्त्री दारापाशी उभे होते.

मी दोन उघड्या मशिनी ठेवल्या, पाच नंबर आणि तीन नंबर. "ही पुडीनं भरलेली, ही जिवंत आहे. ही स्वच्छ, ही मेलेली. मालक, तुमच्या मशिनी घाणीनं मेल्या नाहीत, गुदमरून मेल्या." पंखा, फटी, हवा, सगळं एकेक करून दाखवलं. न पुसलेले आकडे दाखवले. "मशिनीवर जाड कापड गुंडाळून रोज सकाळी ती वापरली गेली. संध्याकाळी बघावं तर कापड नाही, खूण नाही. तापून तापून तारांवरचं वार्निश गेलं, आणि दुपारी जो हात लावेल त्याच्या माथी पाप."

पॉलिशवाल्यानं पहिल्यांदा मान वर केली.

"म्हणजे कंपनी चांगली," मालक म्हणाले.

"मोटार चांगली. मूठ वाईट. तुमच्या पैशात मिळते त्यातली ही उत्तम मशीन आहे, पण तिनं वाचवलंय ते माणसाच्या हाताच्या जिवावर. तासाभराच्या कामाला डोळे मिटून घ्या. चार तासांच्या कामाला देणार असाल तर जाड हातमोजे द्या, माणसं आलटून पालटून लावा. हे दुकानदारानं सांगितलं नाही, आणि राखाडी चालायची तोवर तुम्हालाही विचार करायची वेळ आली नव्हती."

"ते सगळं ठीक. कापड कुणी गुंडाळलं?"

मालकांची नजर फिरत फिरत फोरमनवर येऊन थांबली. फोरमन रागानं लाल झाला, त्याचं तोंड उघडलं.

"मी," सूनबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिचं लक्ष मात्र टेबलावरच्या उघड्या मशिनीकडे होतं. सासऱ्यांचा एप्रन घरी तीच धुते. खिशातली लोकरी घडी तिनं न उलगडता कितीदा बाजूला काढून ठेवली असेल. मी कापड हा शब्द उच्चारला, तेव्हाच तिला सगळं कळलं असणार.

"मीच गुंडाळायला सांगितलं," ती पुढे रेटत होती. "नव्या मशिनींना चरे पडू नयेत म्हणून. चूक माझी आहे. किल्ली ठेवलीच आहे."

"खोटं बोलते ती," दारातून आवाज आला.

मिस्त्री पुढे आले. गर्दीनं वाट दिली. त्यांनी खिशातून पितळी बिल्ला काढला, तो बोटांतून निसटून खाली पडला. वाकून उचलायला गेले तर चिमटीत येईना. दोनदा निसटला. सगळे बघत होते आणि कुणाची मदत करायची हिंमत होत नव्हती. तिसऱ्या खेपेला त्यांनी तो दोन्ही तळव्यांमध्ये धरून उचलला आणि किल्लीशेजारी ठेवला.

"बघितलंत?" ते मालकांना म्हणाले. "एवढंच सांगायचं होतं."

फोरमनचं तोंड अजून उघडंच होतं. ते त्यानं मिटलं आणि स्वतःचं स्टूल उचलून मिस्त्रींच्या मागे सरकवलं. मालकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. दारं करायला ते मिस्त्रींकडूनच शिकले होते.

सूनबाई उठली. कुणाला न विचारता तिनं टेबलावरची किल्ली उचलली, मग बिल्ला उचलला आणि स्टोअरकडे चालू लागली. कुलूप उघडल्याचा आवाज आला. आम्ही सगळे तिच्या मागे गेलो.

पहिल्या खुंटीवरची चार नंबरची मशीन तिनं काढून माझ्या हातात दिली. त्या जागी कपाटातला जुना सागवानी गुण्या टांगला, दाराचा कोपरा काटकोनात आहे का ते बघायचा. मग त्यावर बिल्ला अडकवला.

"आप्पा, एकही दार तुम्ही गुण्या लावल्याशिवाय बाहेर जायचं नाही," ती म्हणाली. सांगत होती सासऱ्यांना, पण बघत होती मालकांकडे. "चालेल ना?"

मालकांनी मान हलवली. ती हलताना तिथल्या प्रत्येकानं पाहिली.

"आणि सोमवारी दवाखाना. मी येतेय बरोबर. आणि ते कापड मला द्या."

मिस्त्रींनी खिशात हात घातला आणि घडी तिच्या हातात दिली. तिनं ती उलगडून बघितली. "माझीच शाल कापलीत होय? महिनाभर शोधतेय मी!"

पहिल्यांदा ते हसले. मग फळीजवळ गेले, गुण्या खाली काढला आणि सवयीनं आपला बिल्ला तेवढा खुंटीवर राहू दिला.

चार नंबरची मशीन मी दुकानात नेली आणि रविवारी तिची मोटार नव्यानं गुंडाळून टाकली. मुठीलाही माझ्या पदरचं जाड रबर बसवलं, फटी मोकळ्या ठेवून. बिलात ते लावलं नाही.